चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिश करांना केलेला विरोध आपल्याकडे बहुतेक वर्गांत एका तासिकेत उरकतो. गाईडात, फळ्यावर आणि शेवटी उत्तरपत्रिकेत तीच दोन वाक्ये उमटतात : ‘इंग्रजांनी चहावरील कर वाढवला. त्यामुळे संतापलेल्या लोकांनी बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या.’ दुसरे वाक्य बरोबर आहे, पहिले साफ चूक. १७७३ साली चहावर नवा कर बसला नाही आणि जुना वाढलाही नाही. उलट चहा स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणूनच तो बुडवला गेला. हे कोडे वर्गात सुटले नाही, तर मुलांच्या डोक्यात एवढेच उरते की कर म्हणजे जुलूम आणि कर बुडवणारा तो क्रांतिकारक. नाशिक शहरात व जिल्ह्यात इतिहास शिकवणाऱ्या आम्ही काही जणांनी हा धडा कसा घेता येईल, त्याचा तपशील पुढे दिला आहे. नववी ते बारावी कुठेही चालेल. पस्तीस मिनिटांच्या चार तासिका लागतात, एकीत भागत नाही.

आधी हिशेब. फळ्यावर लिहून घ्यावे : १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, २० शिलिंगचा १ पौंड. वजनासाठी मात्र आपला जुना ‘रतल’ वापरावा, नाहीतर पैशाचा पौंड आणि वजनाचा पौंड यांचा असा काही घोळ होतो की अर्धी तासिका त्यातच जाते. १७७२ च्या सुमारास अमेरिकेत कायदेशीर मार्गाने आलेला बोही जातीचा काळा चहा रतलाला साधारण ३ शिलिंग, म्हणजे ३६ पेन्सला पडत होता. हॉलंडहून चोरून आणलेला चहा साधारण २५ पेन्सला मिळे. १७७३ च्या चहा कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा सुमारे २४ पेन्सला विकता येणार होता. या भावात कर किती? आधी ३ पेन्स, नंतरही ३ पेन्स. हा कर १७६७ पासूनचा होता. त्या वर्षी ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडच्या कायद्यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर आयात कर बसवले होते. १७७० मध्ये बाकीचे सगळे उठले, चहावरचा मुद्दाम ठेवला. उत्पन्नापेक्षा ‘आम्हाला कर बसवता येतो’ हे दाखवत राहणे संसदेला महत्त्वाचे वाटत होते.

इथे वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी हात वर करतोच : ‘सर, ३६ मधले ३ म्हणजे बारावा हिस्सा आणि २४ मधले ३ म्हणजे आठवा. मग कर वाढलाच की!’ त्याला गप्प बसवू नये, त्याचे गणित बरोबर आहे. किमतीतला कराचा वाटा वाढला, खिशातून जाणारी रक्कम घटली. दोन्ही रकाने फळ्यावर तसेच राहू द्यावेत.

चहा स्वस्त झाला कसा? कंपनीला तोवर आपला चहा लंडनमध्ये लिलावात विकावा लागे. तिथून तो व्यापाऱ्याकडे, मग जहाजावर, मग अमेरिकेतल्या घाऊक विक्रेत्याकडे आणि शेवटी दुकानात. शिवाय ब्रिटनमध्ये उतरतानाचे शुल्क वेगळेच. नव्या कायद्याने अमेरिकेला जाणाऱ्या चहावरचे हे शुल्क पूर्ण परत मिळू लागले आणि कंपनीला मधली साखळी तोडून आपल्याच नेमलेल्या अडत्यांकडे थेट माल पाठवता येऊ लागला. कंपनीच्या वखारींत त्या वेळी पावणेदोन कोटी रतलांच्या आसपास चहा पडून होता.

आता विद्यार्थ्यांना विचारावे, ही कंपनी एवढी अडचणीत आली कुठून? उत्तर त्यांच्याच पुस्तकात, दुसऱ्याच धड्यात असते. १७७० चा बंगालचा दुष्काळ, तरीही भागधारकांना वाटलेला भरघोस लाभांश, १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्यांवर आलेले संकट. कंपनी सरकारच्या दारात गेली. १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले आणि त्याबरोबर गळ्यात पडला १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, जो आपली मुले ‘भारतातील कंपनी प्रशासन’ या मथळ्याखाली पाठ करतात. वर्ष एकच, पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ एकच, कंपनीही एकच. पण हे दोन धडे मुलांच्या डोक्यात कधी भेटत नाहीत. ते भेटवण्यासाठी वेगळी तासिका नको, फळ्यावर एक बाण पुरतो. जाता जाता हेही सांगून टाकावे की तो चहा आसामचा नव्हता, चीनचा होता, कँटनहून आलेला. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ चा.

मग स्वस्त चहाला विरोध का? तीन कारणे आहेत आणि तिन्ही सांगायला हवीत. एक, या करातून येणाऱ्या पैशावर १७७२ पासून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि न्यायाधीशांचा पगार निघू लागला होता. तोवर तो पगार तिथली विधानसभा मंजूर करत असे, म्हणजे गव्हर्नरची नाडी तिच्या हाती होती. स्वस्त चहाच्या प्रत्येक रतलागणिक ती सुटत जाणार होती. दोन, नेमलेल्या अडत्यांखेरीज बाकीच्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, आणि बॉस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. तीन, चोरट्या चहावर गबर झालेल्यांचे कंबरडे मोडणार होते. हे तिसरे कारण बहुतेक जण गाळतात, कारण ते वीरगाथेत नीट बसत नाही. पण ते गाळले की मुलांना चळवळीतले लोक कळत नाहीत, फक्त पुतळे कळतात.

१६ डिसेंबर १७७३ हीच रात्र का, हा प्रश्नही विचारावा. ‘डार्टमाउथ’ जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आले. वीस दिवसांत कर भरला नाही तर जकात अधिकारी माल जप्त करणार आणि तो बाजारात येणार. ती मुदत १७ तारखेला भरत होती. कर भरल्याशिवाय जहाज परत नेण्याचा परवाना गव्हर्नर देईना. १६ च्या संध्याकाळी त्याचा अखेरचा नकार ओल्ड साउथ सभागृहात जमलेल्या हजारो लोकांपर्यंत पोहोचला आणि लगेच लोक ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाले. ‘डार्टमाउथ’, ‘एलिनॉर’ आणि ‘बीव्हर’ अशा तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या, सुमारे ९२ हजार रतल चहा. कंपनीने सांगितलेले नुकसान ९,६५९ पौंड. मुलांना भागाकार करायला लावावा : ९२ हजार रतल म्हणजे जवळपास ४२ टन, सरासरी पेटी सव्वाशे किलोच्या घरात. स्नेहसंमेलनातल्या नाटुकलीत बिस्किटांचे खोके उचलून फेकतात, तसे ते काम नव्हते. पेट्या दोर-कप्पीने डेकवर ओढून, कुऱ्हाडीने फोडून मग चहा ओतावा लागला. तीनेक तास लागले. ओहोटी असल्याने चहाचे ढीग जहाजाच्या बाजूलाच साचले आणि ते पाण्यात ढकलावे लागले. दुसरीकडे असे घडले नाही : फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्कहून जहाजे माघारी गेली, चार्ल्सटनमध्ये जकात अधिकाऱ्यांनी चहा उतरवून तळघरात कुलूपबंद केला. बॉस्टनमध्येच गाडे का अडले, हा प्रश्न गृहपाठाला उत्तम.

पहिली तासिका मात्र चहाला देऊ नये. ती छापील आणि कायदेशीर कागदांवर कर बसवणाऱ्या १७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टची. आपल्याकडे या कायद्याची एक सोय आहे, जी बहुतेक गावांना नाही : मुद्रांक छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिक रोडलाच आहे, अनेक मुलांच्या घरातले कोणी ना कोणी तिथे नोकरीला असते. प्रत्येक घरात भाडेकराराचा किंवा प्रतिज्ञापत्राचा एखादा मुद्रांक कागद असतोच. त्याची झेरॉक्स आणायला सांगावी. मूळ कागद आणू देऊ नये, हरवला तर पालक थेट मुख्याध्यापकांच्या दालनात. शंभराच्या मुद्रांकाचे पाचशे झाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, हे मोठ्या मुलांना आठवत असते. म्हणजे कागदावर कर ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

एक चूक मात्र हमखास होते : मुले टपालाचे तिकीट काढतात. चिकटवायचे टपाल तिकीट १८४० चे. १७६५ मध्ये लंडनहून आधीच ठसा उठवलेले कागद जहाजाने यायचे होते आणि ते नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचे होते. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा, पदवीच्या प्रमाणपत्राला दोन पौंड. आणि वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग, म्हणजे पूर्ण तावाच्या चोवीस पट. संपादक महोदय, मुद्रक सर्वांत आधी का पेटून उठले ते आपल्याला वेगळे सांगायला नको. लिहिणारे मुद्रक आणि बोलणारे वकील, नेमक्या याच दोघांच्या कागदावर कर बसवण्याचा हा प्रकार होता. पैसे ब्रिटिश चलनात भरायचे, ज्याची वसाहतींत कायम टंचाई. खटले नौदल न्यायालयात चालवता येणार, जिथे ज्युरी नाही.

२२ मार्च १७६५ ला मंजुरी, अंमल १ नोव्हेंबरपासून. मधल्या सात महिन्यांत काय झाले ते महत्त्वाचे. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये मुद्रांक विक्रेता अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा झाडाला लटकवला गेला, त्याच्या घरावर जमाव गेला, त्याने काम सोडले. २६ ऑगस्टला हचिन्सनचे घर फोडून लुटले. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी न्यू यॉर्कला जमले. नोव्हेंबर उजाडेपर्यंत जवळपास सगळ्या विक्रेत्यांनी राजीनामे दिले होते. कायदा पुस्तकात होता, पण कागद विकायला माणूस नव्हता. १८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला तो अमेरिकेच्या घोषणांमुळे कमी आणि मालाला उठाव नसल्याने हवालदिल झालेल्या ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या अर्जांमुळे जास्त. त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून टाकला : वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा पूर्ण हक्क आम्हाला आहे. हा डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट धड्यातून गळला की पुढची दहा वर्षे कळत नाहीत.

‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. पण तिचा अर्थ विचारला की मुले म्हणतात, त्यांना लंडनच्या संसदेत जागा हव्या होत्या. न्यू यॉर्कच्या त्या परिषदेने उलटेच लिहिले होते : एवढ्या अंतरावरून आम्हाला तिथे प्रतिनिधित्व मिळणे शक्यच नाही, म्हणून कर फक्त आमच्याच विधानसभांनी बसवावा. समुद्र ओलांडायला दीड-दोन महिने लागत, हे सांगितले की मुद्दा पटतो. ब्रिटनची बाजू अशी की संसद साऱ्या साम्राज्याचे प्रतिनिधित्व करते. मँचेस्टरलाही स्वतःचा खासदार नाही, तरी ते कर भरते. हा युक्तिवाद हास्यास्पद ठरवण्याआधी वर्गाला त्यावर पाच मिनिटे झुंजू द्यावे. कोणीतरी म्हणतेच की मग मँचेस्टरलाही द्या. ते मिळायला १८३२ उजाडले, आणि तोवर ओल्ड सॅरम नावाची जवळजवळ ओस जागा दोन खासदार पाठवत होती.

दुसरी आणि तिसरी तासिका जोडून घ्याव्यात. यात चिंचोक्यांचा खेळ. साठ मुलांच्या वर्गाला सहाशे चिंचोके लागतात, प्रत्येकी दहा. शेंगदाणे किंवा गोळ्या घेऊ नयेत, पहिल्या फेरीआधीच संपतात. चार मुले ‘संसद’, त्यांना व्हरांड्यात बसवावे, वर्गातले बोलणे ऐकू जाणार नाही इतक्या लांब. दोन वसुली करणारे. सहा जणांची ‘वसाहत सभा’, वर्गाने हात वर करून निवडलेली. बाकीचे रहिवासी. कागदाचे कपटे आदल्या दिवशी तयार ठेवावेत : पाच रुपयांच्या नाण्यावर कागद धरून शिसपेन्सिल फिरवली की ठसा उमटतो.

पहिली फेरी आठ मिनिटांची. प्रत्येक रहिवाशाला करारपत्र, पंचांग आणि वर्तमानपत्र घ्यायचेच आहे. व्हरांड्यातून चिठ्ठी येते : करारपत्राला तीन चिंचोके, पंचांगाला दोन, वर्तमानपत्राला एक. कुरकुर सुरू होते. प्रत्येक तक्रार फळ्यावर दोनपैकी एका रकान्यात लिहावी : ‘कर जास्त आहे’ किंवा ‘आम्हाला विचारले नाही’. दुसऱ्या फेरीत, आधीचे चिंचोके परत देऊन, तेवढेच सहा चिंचोके, पण या वेळी वसाहत सभा सगळ्यांसमोर चर्चा करून ते ठरवते. कुरकुर थांबत नाही, आणि थांबू नये; पण ती पहिल्या रकान्यात सरकते. तिसरी फेरी चहाची. संसद सभेला न विचारता सहा चिंचोक्यांचा चहा चारला देते, त्यात एक कराचा. प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप ‘घेणार’ किंवा ‘नाही’ लिहावे. मोजणी फळ्यावर. मग जाहीर करावे की कराच्या त्या चिंचोक्यातून मॉनिटरचा पगार होणार आहे आणि यापुढे मॉनिटर वर्गाला नव्हे, व्हरांड्याला उत्तरदायी. पुन्हा चिठ्ठ्या. दोन मोजण्यांतला फरक म्हणजे १७७३.

हा खेळ बिघडतो तो ठरलेल्या ठिकाणी. वसुलीचे काम बुजऱ्या मुलाला दिले की त्याची थट्टा होते आणि ती सुट्टीतही चालू राहते. हे काम खमक्या, बोलक्या मुलांनाच द्यावे, आणि ‘राजीनामा देतो’ म्हणण्याची मुभा त्यांना आधीच सांगून ठेवावी. व्हरांड्यातली मुले कंटाळतात, कारण त्यांच्याकडे काम नसते. त्यांच्या हातात ताळेबंद द्यावा : सप्तवार्षिक युद्धाआधी ब्रिटनचे कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास, १७६३ मध्ये तेरा कोटींच्या घरात, अमेरिकेत दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले आहे, खर्च कोणी द्यायचा? ब्रिटनमधला माणूस १६९४ पासून मुद्रांक कर भरतोच आहे आणि एकूण कराचा बोजाही त्याच्यावर वसाहतींतल्या माणसाच्या कित्येक पट आहे. हा कागद हातात आला की व्हरांड्यातली चौकडी अशी तावातावाने भांडते की वर्गाला उत्तरे शोधावी लागतात. सर्वांत मोठी चूक शिक्षकाची : खेळ आहे हे न सांगता मुलांचे चिंचोके दंड म्हणून काढून घेणे. मग मुलांना राग येतो, पण तो शिक्षकाचा येतो, संसदेचा नाही.

चौथ्या तासिकेला बॉस्टनचा कोरीव काम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याचे चित्र. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मेली आणि महिना उलटायच्या आत हे चित्र विक्रीला आले. सैनिक एका सरळ रेषेत, मागे तलवार उंचावून हुकूम देणारा कॅप्टन, जकात कचेरीवर ‘कसाईखाना’ अशी पाटी. याची झेरॉक्स आणि खटल्यातल्या साक्षींचा गोषवारा शेजारी शेजारी द्यावा : अंधार, आरडाओरडा, जमावाकडून बर्फाचे गोळे आणि सोटे, हुकूम दिला की नाही यावर मतभेद. सैनिकांचे वकीलपत्र घेतले जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. कॅप्टन सुटला, आठपैकी सहा सैनिक सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाला दोषी ठरले आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग देण्यात आला. चित्रात आणि साक्षींत किमान चार फरक शोधायला लावावे. मोबाइलवर आलेले काहीही पुढे ढकलणाऱ्या पिढीला हा तास फार लवकर कळतो.

इथेच थोडे थांबून हिंसेबद्दल बोलावे. जानेवारी १७७४ मध्ये जॉन माल्कम या जकात अधिकाऱ्याला गरम डांबर फासून, पिसे चिकटवून गावातून फिरवले गेले. चहा बुडवायला बॉस्टनचे लोक तोंड रंगवून, मोहॉक आदिवासींचा वेष करून आले होते. आपल्या मिठाच्या सत्याग्रहात आधी व्हाइसरॉयला पत्र गेले आणि मग उघड्या चेहऱ्याने लोक निघाले. दोन्ही ‘करविरोधी आंदोलने’ म्हणून एकाच ओळीत बसवणाऱ्या गाईडांनी हा फरक पुसून टाकला आहे. गांधीजींचे ते पत्र २ मार्च १९३० चे. त्याच तारखेला आपल्या पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ही तारीख वर्गात आणायचे कारण आहे. १७७५ च्या सुमारास त्या तेरा वसाहतींत पंचवीस लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यातला साधारण प्रत्येक पाचवा गुलाम होता. जानेवारी १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी गव्हर्नर आणि विधानसभेकडे सुटकेसाठी अर्ज केला, चहा बुडाला त्याच वर्षी. स्वातंत्र्य मागणारे आपल्या दारात कोणाला उभे करत नव्हते, हा प्रश्न नाशिकच्या मुलांना परका नाही.

कांद्याचे उदाहरण वर्गात येणारच, निफाड-चांदवडच्या शाळांत तर पहिल्याच मिनिटाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, लासलगावचे लिलाव बंद, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेले. घरात पैसे कमी आलेल्या मुलाला हे पाठ असते. उदाहरण टाळू नये, पण तीन प्रश्नांत बांधून घ्यावे : पैसे कोणाच्या खिशातून गेले? ठरवले कोणी? ज्याच्या खिशातून गेले त्याला मत होते का? पहिल्या दोन उत्तरांत बॉस्टन आणि लासलगाव जवळ येतात, तिसऱ्यात वेगळे होतात. तिथे थांबावे. पुढे गेले की कोणत्या पक्षाचे काय, यावर गाडी घसरते.

वर्षभर भिंतीवर राहील अशी एक गोष्ट : सात मीटर सुतळी, एक वीत म्हणजे एक वर्ष, १७६३ ते १७९३. वरच्या बाजूला अमेरिका, खाली आपण. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, १६ डिसेंबरला बॉस्टन. ६ मार्च १७७५ ला राघोबादादांचा इंग्रजांशी सुरतेचा तह, १९ एप्रिलला लेक्झिंग्टनला पहिली गोळी. ऑक्टोबर १७८१ मध्ये अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची शरणागती, मे १७८२ मध्ये सालबाईचा तह. १७८६ मध्ये तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात, १७९३ मध्ये त्याचाच कायमधारा. राघोबादादांचा वाडा आनंदवल्लीला होता, गंगापूर रस्त्याच्या शाळांना तर चालत जाता येते. मात्र एकामुळे दुसरे घडले असे सुतळीवर काही लिहू नये, फक्त तारखा.

१७७४ चे दडपशाहीचे चार कायदे, १ जूनपासून बंद झालेले बॉस्टन बंदर, फिलाडेल्फियाला भरलेली वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँग्रेस, हे शेवटच्या दहा मिनिटांत भराभर होते. त्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या एडन्टन गावच्या ५१ स्त्रियांनी ऑक्टोबर १७७४ मध्ये नावानिशी सह्या करून बहिष्काराला दिलेला पाठिंबा तेवढा वगळू नये. ब्रिटिश कापडावरचा बहिष्कार घराघरांतल्या चरख्यांवर उभा होता आणि ते स्त्रियांच्या हाती होते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. ‘बॉस्टन टी पार्टीची कारणे लिहा’ हा प्रश्न चुकीचे उत्तर मागवूनच घेतो. त्याऐवजी विचारावे : ‘१७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त झाला असूनही बॉस्टनच्या नागरिकांनी त्याला विरोध का केला?’ गुण पाच : किंमत घटली पण कर तसाच राहिला, हे सांगितल्यास एक, तो कर १७६७ चा असल्याचा उल्लेख, एक, कंपनीची अडचण आणि मक्तेदारी, एक, कर बसवण्याचा हक्क कोणाचा, एक, व्यापारी किंवा चोरट्या आयातदारांचे हितसंबंध, एक. ‘कर वाढवला’ असे लिहिणाऱ्याचा पहिला गुण जावा, पण बाकीचे चार तपासावेत.

आणि आपल्याला एक सूचना. आपल्या विद्यार्थी पुरवणीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिव्हिअरचे चित्र अर्ध्या पानावर आणि खाली ३६-२५-२४ पेन्सचा तक्ता छापता आला तर पाहावे. शाळेच्या झेरॉक्सवर त्या चित्रातला कसाईखान्याचा फलक काळा होऊन जातो. छापील पानावर तो वाचता येईल.

आपले,
नाशिकमधील काही इतिहास शिक्षक